तीस मिनिटांचा गाळ

सकाळी सातला हवेच्या टाकीतून
एक लिटर तपकिरी पाणी काढते,
काचेच्या उभ्या नळकांड्यात भरते
आणि तीस मिनिटं काहीच करत नाही.
हेच काम आहे.
शहर खाली बसेपर्यंत थांबणं.

नेरूळचे काही सेक्टर, दोन गावं, एक कॉलेज,
सगळ्यांचं येतं माझ्याकडे, न सांगता.
रविवारचं तेल सोमवारी.
दिवाळीआधी फिनेल इतकं
की टाकीतले जीवाणू आजारी पडतात.
परीक्षांच्या दिवसांत साडेचारलाच प्रवाह वाढतो,
कुणीतरी तोंड धुऊन पुस्तक उघडतंय.
नावं माहीत नाहीत मला त्यांची.
घरी पाहुणे आलेले मात्र कळतात.

जाळीवर अडकतं ते वेगळंच:
चिंध्या, शॅम्पूच्या पुड्या, केस, केस, केस,
एकदा प्रगतिपुस्तकाचं पान, गणिताच्या रकान्यासकट,
एकदा कवळी.
ती हसुराम मढवींनी धुऊन खिडकीत ठेवली,
म्हणाले, मालक शोधत येईल.
अजून तिथेच आहे. हसते.

मढवींचं इथे शेत होतं.
नेमकं कुठे, विचारलं
तर निवळणीच्या दुसऱ्या टाकीकडे बोट दाखवतात
आणि मफलर सारखा करतात.
बाप खाडीच्या बांधावर उघाडी राखायचा,
भरतीला बंद, ओहोटीला मोकळी.
मी व्हॉल्व्ह राखतो. पाणी तेच, म्हणतात,
फक्त आता पगार महिन्याला.

चैत्रातल्या एका रात्री फीडर गेला.
ब्लोअर थांबले.
आठ वर्षांत पहिल्यांदाच ती घरघर नव्हती
आणि मागच्या डबक्यातले बेडूक ऐकू आले.
जनरेटरला दीड तासाचं डिझेल,
वीज कंपनीचा फोन नुसता वाजतोय.
टाकीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी,
श्वास कोंडलेले,
आणि कठड्याला टेकून आम्ही दोघं.
गोठ्याला आग लागली तर दावी कापता येतात, मॅडम,
मढवी म्हणाले.
यांना कुठून सोडायचं?

तीनऐवजी एकच ब्लोअर लावला,
दहा मिनिटं चालू, अर्धा तास बंद.
अचानक आलेल्या माणसांत
कालवण पुरवावं, तसं डिझेल पुरवलं.
उजाडता उजाडता दिवे आले.

त्या सकाळी काचेत गाळ बसेना.
कड धूसर, वर गढूळ पाणी, वास आंबट.
दहा दिवस लागले.
दहा दिवस शहर आंघोळी करत राहिलं,
पिठाच्या पराती खरवडत राहिलं,
त्याला काही कळलं नाही.

गाळाच्या वायूवर आपलंच इंजिन चालवावं,
ब्लोअर अंधारात पडू नयेत,
हा प्रस्ताव त्याच आठवड्यात पुन्हा पाठवला.
तिसऱ्यांदा.
फाईललाही तळाशी बसायला वेळ लागतो,
तीस मिनिटांहून बराच जास्त.

बाहेर पडणारं पाणी आता स्वच्छ दिसतं.
टँकर थोडं बागांना नेतात,
थोडं कारखान्यांना जातं, उरलेलं खाडीत.
मढवींनी निचऱ्याच्या कडेला झेंडू लावलाय.
"हे पाणी पिण्यायोग्य नाही" ही पाटी माझी.
दसऱ्याला त्यांनी तिलाही माळ घातली.
काढ म्हणणार होते,
मग म्हटलं, राहू दे,
खरं तर बोलतेय बिचारी.

रात्री घरी कढई आधी रद्दीने पुसते, मग घासते.
सासूबाई विचारतात, तेल वाचवतेस की पाणी?
मी नळ बंद करते.
मोरीच्या जाळीतून भाताचं एक शीत निसटतं.
त्याच्यामागे बोट घालत नाही.
सकाळी गाठ आहेच.